गुण एकीचा, खो नऊ जणींचा

धाराशिवच्या मुलींच्या खो-खोची मदार नेमकी कुणावर आहे?

राज्य अजिंक्यपद खो-खो स्पर्धेची बातमी क्रीडा पानावर येते, तेव्हा तिचा साचा ठरलेला असतो. आधी निकाल: अमक्या जिल्ह्यानं तमक्या जिल्ह्यावर एक डाव आणि इतक्या गुणांनी मात केली. मग ‘विजयी संघाकडून’ म्हणून तीन-चार नावं. प्रत्येक नावापुढे कंसात दोन आकडे असतात. संरक्षणात ती किती मिनिटं-सेकंद पळाली आणि आक्रमणात तिनं किती गडी बाद केले. महिला गटाच्या या बातम्यांत धाराशिव हे नाव पुणे, ठाणे, रत्नागिरी, नाशिक, सांगली यांच्या बरोबरीनं अनेक वर्षं येत आलं आहे. आधी ते उस्मानाबाद म्हणून यायचं, आता धाराशिव म्हणून येतं.

संघ बारा जणींचा असतो. बातमीत येतात तीन-चार. उरलेल्या आठ-नऊ जणी त्या दिवशी मैदानात काय करत होत्या, हे बातमी वाचणाऱ्याला कधी कळत नाही. त्यामुळे गावोगावच्या कट्ट्यांवर एक मत पक्कं झालेलं दिसतं: धाराशिवच्या दोन-तीन पोरी काढून घेतल्या तर संघात काही उरत नाही. हे मत जितकं सोपं आहे, तितकंच ते तपासून पाहण्यासारखं आहे. कारण ते खरं असेल तर हा खेळ इथं एका पिढीपुरता आहे. आणि ते खोटं असेल, तर या कोरडवाहू जिल्ह्यानं संघ उभा करण्याची एक रीत शोधून काढली आहे, ती नीट समजून घ्यायला हवी.

गुण कुणाच्या नावावर पडतो

आधी खेळ आतून पाहू. मोठ्या गटाचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, त्यांना जोडणारी मध्यपाटी, तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. जिथं छेद होतो त्या चौकोनात एकेक खेळाडू बसते, एकीचं तोंड एका बाजूला, शेजारणीचं दुसऱ्या बाजूला. नववी पाठलाग करते. तिच्यावर तीन मोठी बंधनं आहेत. एकदा एका दिशेनं निघाली की खांब गाठेपर्यंत उलट फिरायचं नाही. मध्यपाटी ओलांडायची नाही. आणि खो द्यायचा तर बसलेलीच्या पाठीमागून, हात लावून, मोठ्यानं ‘खो’ म्हणून.

पळणाऱ्या मुलींवर यातलं कुठलंच बंधन नाही. त्या हव्या तिकडे वळतात, बसलेल्या दोघींच्या मधून सर्रकन पलीकडे जातात. म्हणजे एकटी पाठलाग करणारी कितीही चपळ असली तरी नियमांनीच तिला अपुरं ठेवलं आहे. पळणारी पलीकडे गेली की तिचं काम तिथं संपतं. त्या बाजूला तोंड करून बसलेल्या सोबतिणीला खो द्यायचा, आणि तिची जागा धरून बसायचं. मग ती दुसरी उठते, तिसरीला देते. एकेरी साखळी, दुहेरी साखळी, गोल खेळ हे पळणाऱ्यांचे सगळे डावपेच मोडायचे ते या देवाणघेवाणीनंच.

एक गडी बाद होतानाचे शेवटचे काही क्षण जवळून पाहावेत. पळणारी खांबाकडे रेटली गेली आहे. मधल्या पाटीवरच्या मुलीनं खो अर्धा क्षण रोखून धरला, पळणारीनं अंदाज बांधून अंग एका बाजूला झुकवलं, आणि त्याच क्षणी खो दुसऱ्या बाजूला तोंड असलेल्या मुलीला मिळाला. ती बसल्या जागेवरून पुढच्या पायावर भार टाकून सुटली. पळणारीला आता खांबाच्या वळणाशिवाय वाट नाही. शेवटचा खो खांबालगतच्या मुलीला. तिनं एका हातानं खांबाला विळखा घालून अंग हवेत झोकून दिलं, आणि बोटांची टोकं पळणारीच्या पाठीला लागली. पंचांची शिट्टी. टाळ्या खांबावरच्या मुलीला, गुणपत्रकातली नोंदही तिच्याच नावावर. ज्या मुलीनं खो अर्धा क्षण रोखून हा गडी खरं म्हणजे बाद केला, तिचं नाव कुठंच नाही. दोन-चार सामने पाहिलेल्या माणसालाही ती दिसत नाही. मार्गदर्शकाला मात्र तीच दिसते.

म्हणूनच खो-खोत ‘सर्वाधिक गुण मिळवणारी’ या आकड्याकडे सावधपणे पाहायला हवं. खांबालगत बसणाऱ्या मुलीच्या नावावर गुण जास्त पडणं हे तिच्या कौशल्याइतकंच तिच्या जागेमुळेही असतं. मधल्या चार पाट्यांवरच्या मुली खो वेळेवर देत नसतील, तर खांबावर कितीही जबरदस्त सूर मारणारी बसवा, तिच्यापर्यंत गडी पोचतच नाही.

तुकड्यांचं गणित

संरक्षणात मात्र चित्र बदलतं. पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीनं मैदानात उतरतात. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी. इथं प्रत्येकीची वेळ घड्याळावर वेगळी मोजली जाते, सोबतिणीचा आधार फार थोडा. एकीनं दोन-अडीच मिनिटं काढली तर ती तिचीच कमाई. तेव्हा एकदोघींवर विसंबून राहण्याचा धोका खरा कुठं असेल, तर तो इथं.

समजा, नऊ मिनिटांच्या डावात संघानं आपल्या तिन्ही सर्वोत्तम पळणाऱ्या पहिल्या तुकडीत घातल्या. त्यांनी मिळून सहा मिनिटं खेळून काढली, तर प्रतिस्पर्ध्याच्या हाती उरतात तीन मिनिटं, आणि सामना जवळपास हातात येतो. पण त्याच तिघी अडीच मिनिटांत बाद झाल्या तर? उरलेल्या साडेसहा मिनिटांत दुसरी आणि तिसरी तुकडी भराभर पडते, आणि आघाडी बघता बघता फुगते. दुसरा मार्ग असा की प्रत्येक तुकडीत एक कसलेली ठेवायची आणि तिच्याबरोबर दोन नव्या. त्यात पहिल्या तुकडीची वेळ कमी होते, पण संघ एकदम कोसळत नाही. शिवाय नव्या मुलींना अंतिम सामन्याच्या ताणात पळायला मिळतं, जे सरावात कितीही धावलं तरी मिळत नाही.

पहिला मार्ग आजचा सामना जिंकून देतो. दुसरा पुढच्या तीन वर्षांचे. ज्या जिल्ह्याला दर मोसमात राज्य स्पर्धेत उभं राहायचं आहे, त्याला दोन्ही मार्ग लागतात. कुठल्या सामन्यात कुठला, हे ठरवण्यात मार्गदर्शकाचं खरं कसब आहे. एखाद्या संघाची मदार दोघींवर आहे की नाही, हे त्या दोघींचे आकडे सांगू शकत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकडीनं किती वेळ काढला, ते पाहावं लागतं. बातमीत ही वेळ छापलेली नसते.

सारिका काळे, आणि ती थांबली असती तर

धाराशिवच्या खो-खोचं नाव देशभर पोचवलं ते सारिका काळे यांनी. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघानं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा त्या कर्णधार होत्या. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार 22 वर्षांनी आला होता. तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या.

पुरस्कार जाहीर झाल्यावर त्यांनी वृत्तसंस्थेशी बोलताना जे सांगितलं, ते या लेखाच्या प्रश्नाला थेट भिडणारं आहे. जवळपास दहा वर्षं आपण एक वेळच्या जेवणावर खेळलो, असं त्या म्हणाल्या. घरची परिस्थिती बेताचीही नव्हती, आई शिवणकाम आणि घरकाम करून संसार ओढत होती. त्यांचे मार्गदर्शक चंद्रजीत जाधव यांनी तेव्हाच सांगितलं की 2016 मध्ये आर्थिक अडचणींना कंटाळून सारिकानं खेळ सोडायचं ठरवलं होतं. समजूत काढल्यावर ती मैदानावर परतली.

म्हणजे ज्या वर्षी ती भारताची कर्णधार होती, त्याच वर्षी ती खेळ सोडायच्या बेतात होती. एखाद्या संघाची मदार एका खेळाडूवर आहे असं आपण म्हणतो, तेव्हा त्या खेळाडूची मदार कशावर आहे हे आपण विचारत नाही. सारिकाच्या बाबतीत ती होती आईच्या शिवणयंत्रावर, एका वेळच्या भाकरीवर आणि समजूत काढणाऱ्या मार्गदर्शकावर. यातली एक गाठ सुटली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आणि तरीही, सारिका यांच्यानंतर धाराशिवचं नाव बुडालं नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. जिल्ह्याचा खो-खो एकाच खेळाडूवर उभा असता, तर हे घडलं नसतं. एक गेली तेव्हा दुसरी तयार होती, कारण दुसरी त्याच मैदानावर पहिलीला खो देत, तिच्यामागे पळत, तिच्याकडून बाद होत वाढली होती. शाळकरी मुलींनी मोठ्या गटातल्या खेळाडूंबरोबर रोज संध्याकाळी सराव करणं ही छोट्या गावांची गरज असते, कारण दोन वेगळे संघ भरतील इतक्या मुली नसतात. पण त्या गरजेतून एक फायदा आपोआप होतो: तेरा वर्षांची मुलगी एकवीस वर्षांच्या खेळाडूचा खो रोज पाठीवर घेते, आणि वेळ कशी साधायची ते पुस्तकाविना शिकते.

हॉकीनं आधीच शिकवलेला धडा

एका खेळाडूवर विसंबण्याचा प्रश्न भारतीय खेळात नवा नाही. हॉकीत तो जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतानं 29 गोल केले, त्यांतले 14 एकट्या ध्यानचंद यांचे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताच्या 13 गोलांपैकी 9 बलबीर सिंग यांचे, आणि नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यातल्या 6 पैकी 5. दोन्ही वेळा सुवर्णपदक मिळालं. मग महाराष्ट्रातल्या खडकीचा धनराज पिल्ले आला. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला, त्याच्या काळातला भारताचा सर्वांत झळाळता आघाडीवीर. त्याच्या नेतृत्वाखाली 1998 साली बँकॉकला आशियाई सुवर्ण आलं, पण ऑलिंपिक आणि विश्वचषकाच्या त्या आठही वाऱ्यांत एकदाही पदक हाती लागलं नाही. ध्यानचंद यांच्यामागे होता तसा संघ धनराजच्या वाट्याला फार कमी वेळा आला.

अलीकडचं उदाहरण अधिक बोलकं आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताच्या 15 गोलांपैकी 10 कर्णधार हरमनप्रीत सिंग यांचे. कांस्यपदकाच्या लढतीत स्पेनविरुद्धचे दोन्ही गोल त्यांचेच. भारत पेनल्टी कॉर्नरवर आणि एका माणसावर अवलंबून आहे, ही टीका तेव्हा सगळीकडे झाली. तीत तथ्य होतं. पण पेनल्टी कॉर्नरचा गोल होतो कसा? एक जण मागच्या रेषेवरून चेंडू आत ढकलतो, दुसरा तो डीच्या टोकावर थांबवतो, तिसरा फटका मारतो. पहिल्या दोघांपैकी एकाची चूक झाली तर तिसऱ्याला संधीच मिळत नाही.

त्याच स्पर्धेत ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात बचावपटू अमित रोहिदास यांना लाल कार्ड मिळालं, आणि जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्याला ते मुकले. प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी कॉर्नरवर चेंडूच्या दिशेनं सर्वांत आधी धावून जाणारा हा खेळाडू. गोल करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव वर नसतं. हरमनप्रीत त्या सामन्यात होते, त्यांनी गोलही केला, तरी भारत 2-3 असा हरला. न मोजल्या जाणाऱ्या कामाचं मोल ते काम करणारा नसतो तेव्हाच कळतं. धाराशिवच्या मैदानावर मधल्या पाटीवर बसणारी मुलगी हीच त्या संघाची अमित रोहिदास असते.

लीगचा वजीर आणि विश्वचषकाची साक्ष

खो-खो आता मातीतून मॅटवर आला आहे. 2022 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगनं खेळ टीव्हीसाठी वेगवान केला. डाव सात मिनिटांचे झाले. पहिल्या हंगामात साध्या स्पर्शाला दोन गुण, आणि आकाशीय सूर मारून किंवा खांबावर गडी टिपला तर तीन. शिवाय ‘वजीर’ आला, म्हणजे दिशेचं बंधन नसलेला, हवा तिकडे वळू शकणारा एक आक्रमक. ज्या खेळाच्या नियमांनी शतकभर एकट्याला अपुरं ठेवलं होतं, त्यात एका खेळाडूला पहिल्यांदाच मोकळीक मिळाली. प्रेक्षकाला नायक हवा असतो, आणि लीगनं तो नियमातूनच घडवला. यानं खेळ घराघरांत पोचला, मुलांच्या भिंतीवर खो-खोपटूंची चित्रं लागली, हे मोठं काम आहे. पण तालुक्याच्या मैदानावर सूर मारण्याची हौस वाढली आणि वेळेवर खो देण्याचा कंटाळा येऊ लागला, तर ते नुकसान भरून काढायला बराच काळ जाईल. लीगचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचे होते. धाराशिवचं नाव ज्या मुलींनी मोठं केलं, त्यांच्यासाठी लीगमधली कमाई तेव्हा दूरच राहिली.

याच वेगवान खेळाच्या विश्वचषकात भारतीय महिलांनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध 175-18. अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध 78-40. कर्णधार होती बीड जिल्ह्यात जन्मलेली आणि पुण्याच्या मैदानांवर घडलेली प्रियांका इंगळे. अंतिम सामन्यातली सर्वोत्तम आक्रमक ठरली अंशू कुमारी, आणि सर्वोत्तम खेळाडू ठरली चैत्रा बी. कर्णधार एक, सर्वाधिक टाळ्या घेणारी दुसरी, सामना हातातून निसटू न देणारी तिसरी, आणि त्यांच्याबरोबर अश्विनीसारख्या बाकीच्या. त्या संघातली कुठलीही एक उणी करून पाहा, विजय फार तर थोडा लहान झाला असता. ज्या संघाबद्दल असं म्हणता येतं, त्याला कुठल्याही सामन्याची भीती वाटायचं कारण नाही.

जिल्ह्यानं आता काय करावं

मग धाराशिवची मदार मोजक्या खेळाडूंवर आहे का? संरक्षणाच्या पहिल्या तुकडीपुरतं बोलायचं तर आहे, आणि प्रत्येक चांगल्या संघाची ती असतेच. त्यात कमीपणा काही नाही. चांगल्या खेळाडूवर भरवसा ठेवला नाही तर तो खेळाडू चांगला कशाला व्हावा? मला खरी काळजी वाटते ती वेगळ्या अवलंबनाची. आठ तालुक्यांचा हा जिल्हा आहे: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी. 2018 साली केंद्र सरकारनं देशातल्या मागास ठरवून आकांक्षित म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले जे चार होते, त्यांत हा एक. इथल्या खेळाची मदार मोजक्या मैदानांवर, मोजक्या मार्गदर्शकांच्या जिद्दीवर आणि मुलींच्या आयांच्या सोसण्यावर आहे. एखादी अश्विनी जखमी झाली तर दुसरी उभी राहील. पण एखादं मैदान बंद पडलं, एखादा मार्गदर्शक थकला, तर त्या जागी कोण येणार?

मुली खेळ का सोडतात हे प्रत्येक मार्गदर्शकाला तोंडपाठ आहे. बारावीचं वर्ष येतं, घरी स्थळं येऊ लागतात, पोलीस भरतीच्या तयारीला मोठ्या शहरात जावं लागतं, दुष्काळाच्या वर्षी घरच्या कामाला हात कमी पडतात. नावारूपाला आलेल्या मुलीला शासकीय नोकरीच्या खेळाडू आरक्षणाची आशा असते, म्हणून ती टिकते. मधल्या पाटीवर बसणारी, जिच्या नावापुढे कंसात आकडा नसतो, ती सर्वांत आधी सोडते. आणि ती गेली की खांबावरच्या मुलीचे गुणही आटतात, हे लक्षात यायला दोन मोसम जातात.

यावर खर्चिक उपाय लागणार नाही. पहिला उपाय कागदाचा. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या स्पर्धांत गडी बाद करणारीबरोबर तिला शेवटचा खो देणारीचीही नोंद ठेवावी, आणि प्रत्येक तुकडीची एकूण वेळ वेगळी लिहावी. हातानं लिहायच्या गुणपत्रकात दोन रकाने वाढतील, एवढंच. तालुक्याला अशी नोंद वर्षभर झाली, तर निवड चाचणीला बसणाऱ्यांना आज न दिसणाऱ्या मुली दिसू लागतील. दुसरा उपाय वार्ताहरांचा. बातमीच्या कंसात एक नाव खो देणारीचं आलं, तर तिच्या घरात ते कात्रण जपून ठेवलं जाईल, आणि लग्नाची घाई आणखी एका वर्षानं पुढे ढकलायला तेवढं कात्रण पुरेसं ठरू शकतं. तिसरा उपाय शासनाचा. पदक आल्यावर दिल्या जाणाऱ्या बक्षिसाइतकाच, पदकाच्या आधीच्या वर्षांतला आहार महत्त्वाचा मानावा. जिल्हा संघात निवडलेल्या प्रत्येक मुलीला, मग ती पहिल्या तुकडीतली असो की बाराव्या क्रमांकाची, वर्षभर दोन वेळचं पुरेसं जेवण, दूध, अंडी आणि सरावाला येण्या-जाण्याचा एसटीचा पास मिळावा. सारिका काळे यांनी एक वेळ जेवून अर्जुन पुरस्कार मिळवला, हे अभिमानानं सांगताना पुढच्या मुलीवर ती वेळ येणार नाही, ही जबाबदारीही आपण उचलली पाहिजे.

चौथा उपाय मार्गदर्शकांच्या हातात आहे, आणि चांगले मार्गदर्शक तो आजही करतात. सोप्या सामन्यात कसलेल्या तिघींना तिसऱ्या तुकडीत बसवायचं आणि नव्या तिघींना पहिल्यांदा उतरवायचं. चार गुण कमी मिळतील, एखादा सामना अटीतटीचा होईल. पण दोन वर्षांनी राज्याच्या अंतिम सामन्यात पहिली तुकडी लवकर पडली, तर दुसऱ्या तुकडीचे पाय लटपटणार नाहीत. संघाची ताकद ज्या दिवशी त्याच्या सर्वांत अनोळखी तुकडीच्या घड्याळावर मोजली जाईल, त्या दिवसापासून धाराशिवला आपल्या सर्वोत्तम खेळाडूंवर निर्धास्तपणे विसंबता येईल.